पेन्सिलीतली गावं

आमच्या वळिवड्याच्या घरात पुढच्या खोलीला 'पोलंडची खोली' म्हणतात. पाहुणा आला की आई सहज सांगते, "पोलंडच्या खोलीत बसा, चहा टाकते." नवखा माणूस जरा बिचकतो. आत जाऊन बघावं तर पोलंडचं म्हणण्यासारखं काही नाही. दिवाण, टीव्ही, आबांचा हार घातलेला फोटो. गेली काही वर्षं मात्र त्या फोटोशेजारी एक नकाशा आहे. काचेत बसवून घेतलाय, तरी घड्यांवर इतका विरलाय की त्याचे चौकोन सुटे व्हायला बघतात.

नकाशा जर्मनीचा आहे. १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत पेट्रोलपंपांवर मोटारवाल्यांना मिळायचे, तसल्या रस्त्यांच्या नकाशांतला. हमरस्ते तांबडे, बारके रस्ते पिवळे, जंगलं फिकट हिरवी. उजव्या अंगाला ओडर आणि नाइस या दोन नद्यांच्या काठानं एक तुटक रेघ खाली उतरते. रेघेपलीकडं बारीक जर्मन अक्षरांत छापलंय, 'सध्या पोलिश प्रशासनाखाली'. त्या 'सध्या'खालची सगळी गावं जर्मन नावांची आहेत: ब्रेस्लाउ, हिर्शबेर्ग, वाल्डेनबुर्ग, लिग्नित्स. आणि प्रत्येक छापील नावाखाली, पेन्सिलीनं, मास्तरीणबाईंच्या नेटक्या अक्षरात दुसरं नाव: व्रॉत्सवाफ, येलेन्या गूरा, वाउब्झिख, लेग्नित्सा.

हे पेन्सिलीचं अक्षर जिचं, तिचं मी देणं लागतो. किती लागतो, ते मांडून बघायचं मनात होतं. हिशेब सरळ नाही, कारण ती बराच काळ असं धरून चालली होती की देणं तिच्याकडं आहे आणि घेणं माझ्याकडं.

मी रस्त्यांचा माणूस. कोल्हापुरात स्थापत्य शिकलो, काँक्रीटच्या रस्त्यांवर थोडं काम केलं आणि २००८ साली शिष्यवृत्तीवर व्रॉत्सवाफला पोचलो. तिथं माझ्या वाट्याला आले जुने सांधे. जर्मनीच्या हद्दीतून पोलंडात शिरलं की त्या वेळी एक रस्ता लागायचा. बर्लिन ते ब्रेस्लाउ या हिटलरच्या काळातल्या महामार्गाचा तुकडा. जाणारी बाजू नवी झाली होती, येणारी बाजू १९३० च्या दशकातल्या काँक्रीटच्या स्लॅबांची तशीच होती. दर सांध्याला गाडी ठक्क करायची. पोलिश लोक त्या रस्त्याला 'युरोपातला सगळ्यात लांब जिना' म्हणायचे. अलीकडं तो उखडून नवा केला. मी तिथं सांध्यांची मापं घ्यायचो, कुठल्या कडा झडल्या, कुठला स्लॅब किती खचला, याच्या नोंदी करायचो. बर्लिनहून निघालेला देशातल्या देशातला रस्ता आता दोन देशांत कसा, हा प्रश्न मला पडला नाही. इंजिनिअरला सांधा दिसतो. काय सांधलं होतं ते विचारायचं राहून जातं.

२०१० च्या जानेवारीत बर्फावर पाय सटकला आणि उजवा घोटा मोडला. शिष्यवृत्तीचा हप्ता त्याच महिन्यात कुठल्याशा टेबलावर अडकलेला. खोली चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मालकाला भाडं पहिल्या तारखेला हवं. प्रयोगशाळेतला एक सहकारी म्हणाला, "माझी चोच्या येलेन्या गूराजवळच्या खेड्यात एकटीच असते. घर मोठं आहे. पाय जुळेपर्यंत तिच्याकडं राहा." चोच्या म्हणजे मावशी, आत्या, काकू, सगळंच. पोलिश माणूस या बाबतीत आपल्यासारखा काटेकोर नाही.

शंभरावर किलोमीटर बर्फातून गाडी आली. दारात एक उंच, काटक म्हातारी. वय पंचाहत्तरच्या पुढं, डोक्याला रुमाल. कुबड्या घेऊन मी आत शिरलो तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "इंडियात कुठं?" परदेशात आपण सगळे देतो तेच उत्तर मी दिलं: मुंबईजवळ. "मुंबईच्या कुठल्या बाजूला?" आता कोल्हापूर म्हणणं भाग होतं. म्हटलं. म्हातारी मागच्या बाकावर बसली. चष्मा काढला, रुमालाला पुसला, पुन्हा घातला.

"वालिवादे?" ती म्हणाली.

'ळ' तिच्या जिभेला जमला नव्हता, पण चूक होण्याचं कारण नव्हतं. गुडघाभर बर्फात बुडालेल्या त्या खेड्यात एक बाई माझ्या गावाचं नाव घेत होती. मी म्हटलं, तेच माझं गाव. मग तिनं साठ-बासष्ट वर्षं न वापरलेले शब्द एकेक करून बाहेर काढले, ट्रंकेतले कपडे काढावेत तसे: "चला. बसा. केळी. किती? पाणी."

पुढं एकदा मी भाड्याचा विषय काढला, तर तिनं हात झटकला. "भाडं तुझ्या गावानं १९४३ सालीच भरलंय."

मी गप्प बसलो. का बसलो, ते पुढं येईल.

पहिल्या आठवड्यातच माझ्या मनात त्या 'त्यां'ची 'ती' झाली. ती मला आंबुस झुरेक सूप द्यायची, बटाटे आणि चीज भरलेले पिएरोगी द्यायची, रात्री चहात रासबेरीचा पाक घालून द्यायची. एकदा गव्हाच्या पिठाचं काहीतरी तव्यावर भाजून समोर ठेवलं आणि माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली. चपाती होती. जरा जाड, पण चपातीच. तिची आई कॅम्पात शिकली होती.

कॅम्प म्हणजे आमच्या गावालगतचा पोलिश निर्वासितांचा कॅम्प. १९४३ ते १९४८ या काळात तिथं सुमारे पाच हजार पोलिश माणसं राहिली, बहुतेक बायका आणि मुलं. आम्ही लहानपणी हे नुसतं ऐकलं होतं. कोल्हापुरात महावीर उद्यानातला स्मृतिस्तंभ येताजाता पाहिला होता, वाचला नव्हता. ती सगळी कुठून आली, हे मला कळायला चोच्याचं स्वयंपाकघर लागलं.

तिचं जन्मगाव तार्नोपोलच्या बाजूचं, जुन्या पोलंडच्या पूर्व टोकाचं. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून जर्मन आणि पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य शिरलं. बापाला रशियनांनी आधीच उचललं होतं. १० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे दार वाजलं. आई, पाच वर्षांची ही आणि धाकटा भाऊ यांना अर्ध्या तासात बोचकी बांधून मालगाडीत चढवलं. त्या एका रात्री पूर्वेकडच्या अशा असंख्य घरांची दारं वाजली. उत्तरेतल्या जंगलात आई लाकडं तोडायची. भाऊ तिथंच गेला. जर्मनीनं सोव्हिएत संघावर हल्ला केल्यावर १९४१ च्या जुलैत करार झाला, पोलिशांना 'माफी' मिळाली. माफी कशाची, हे तिला शेवटपर्यंत समजलं नव्हतं. मग अँडर्सच्या पोलिश सैन्याच्या आधारानं कास्पियन समुद्र ओलांडून इराण, तिथून कराची आणि शेवटी आमची पंचगंगा.

"पहिले काही दिवस आई उशीखाली पाव ठेवून झोपायची," ती सांगायची. "मग एकदा केळ्यांचा अख्खा घड घेतला आणि त्या दिवशी उशीखाली काही ठेवलं नाही."

कॅम्पातल्या तिच्या आठवणी पुष्कळ होत्या. कौलारू बराकी, शाळा, चर्च, हॉस्पिटल, बालवीर पथकाच्या शेकोट्या, पहिल्या पावसात ओरडत बाहेर पळालेली मुलं. सगळ्यात लाडकी गोष्ट पाण्याची. पोलिश भाषेत 'पानी' म्हणजे बाईसाहेब; कुठल्याही बाईला हाक मारायची ती 'पानी' म्हणूनच. कॅम्पात पाणी घेऊन येणारा गडी सकाळी 'पाणीऽ' म्हणून ओरडला की अख्ख्या रांगेतल्या बायका दारात यायच्या. त्यांना वाटायचं, काय हा अदबशीर माणूस! ही गोष्ट तिनं मला चार महिन्यांत निदान दहा वेळा सांगितली आणि दहाही वेळा मी हसलो, कारण दहाही वेळा ती आधी हसायची.

आणि मग यायचा दूधवाला. सायकलला दोन्हीकडं किटल्या. तो मापाच्या वर एक धार जास्तीची घालायचा आणि म्हणायचा, "बाळासाठी." हा शब्द तिला मराठीत पाठ होता. "अशी माणसं होती तुमच्याकडं," ती म्हणायची, आणि माझ्या ताटात आणखी एक पिएरोगी पडायचा.

माझ्या घशात तो पिएरोगी अडकायचा. कारण आमचे आबा कॅम्पात दूध घालायचे.

दूधवाले बरेच होते. तिचा दूधवाला आबाच असेल असं नाही. नसेल असंही सांगता येत नाही. पण आबांचा धंदा मला त्यांच्याच तोंडून माहीत होता. म्हातारपणी पोलंडच्या खोलीत दिवाणावर बसून ते रंगवून सांगायचे, "गोऱ्या बायका घासाघीस करत न्हाईत. पैसं रोख. मग काय, चार शेर दुधात शेरभर पंचगंगा!" आणि वर एक धार जास्तीची, ती गिऱ्हाईक बांधून ठेवायला. "त्या पैशावं ही खोली उभी ऱ्हायली बघ. पोलंडनं बांधून दिली." खोलीला नाव पडलं ते असं. घरात सगळे हसायचे, मीही हसायचो. आबांच्या हुशारीची गोष्ट होती ती.

आता मी त्याच बायकांतल्या एकीच्या मुलीकडं, एक पैसा न देता, प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून झोपत होतो, आणि हे सगळं आबांच्या चांगुलपणाच्या खात्यावर मांडलं जात होतं.

नकाशा तिनं फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी दाखवला. बाहेर बर्फ पडत होतं, टाइल्सची उंच शेगडी तापली होती. कपाटाच्या खणातून तिनं घडी काढली आणि टेबलावर पसरली. "तू रस्त्यांचा डॉक्टर होणार ना? हा वाच."

वाचता येईना. मी व्रॉत्सवाफ शोधत होतो आणि बोट ब्रेस्लाउवर होतं. मी माप घेत असलेला रस्ता मात्र लगेच सापडला. जाड, दुहेरी, बर्लिनहून निघून तुटक रेघ बिनदिक्कत ओलांडणारा. तिनं मग चमच्याच्या दांड्यानं एकेक गाव दाखवत सगळा मुलूख समजावला. आयुष्यभर खेड्यातल्या शाळेत शिकवलेलं असल्यामुळं तिचं सांगणं फळ्यापुढं उभं राहिल्यासारखं होतं.

युद्ध संपल्यावर पोलंड हा देश खाट सरकवावी तसा पश्चिमेला सरकवला. पूर्वेचा भाग सोव्हिएत संघानं ठेवून घेतला. १९४५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पॉट्सडॅमच्या बैठकीत ओडर-नाइसपर्यंतचा जर्मन मुलूख पोलंडच्या ताब्यात दिला गेला. इथले लाखो जर्मन पश्चिमेला घालवले आणि पूर्वेकडचे पोलिश मालगाड्यांतून, गाईकोंबड्यांसकट, इथं उतरले. सरकारी नाव 'परत मिळवलेला प्रदेश'. लोकांच्या तोंडी 'जंगली पश्चिम', कारण पहिली दोन-तीन वर्षं लुटारूंचं राज्य होतं. ब्रेस्लाउ शहराला हिटलरनं किल्ला ठरवलं होतं. फेब्रुवारीपासून वेढ्यात सापडलेलं ते शहर बर्लिन पडल्यावरही लढत राहिलं आणि ६ मे १९४५ ला शरण आलं. उरलं ते ढिगाऱ्यांचं गाव. त्या ढिगाऱ्यांतल्या विटा पुढं वॉर्सा बांधायला गेल्या, आणि ढिगाऱ्यात राहायला पूर्वेला गमावलेल्या ल्वूफ शहरातली माणसं आली. ल्वूफचे प्राध्यापक आले, ओसोलिनेउम ग्रंथालयातले ग्रंथ आले, नाटककार फ्रेद्रोचा पुतळाही आला. १९५६ साली तो व्रॉत्सवाफच्या मुख्य चौकात बसवला. आधी तिथं प्रशियाचा एक राजा घोड्यावर होता.

हिचा बाप रशियनांच्या तुरुंगातून सुटून सोव्हिएतांच्या बाजूनं लढलेल्या पोलिश सैन्यात गेला होता. लढाई संपल्यावर सैनिकांना इकडं घरं दिली, त्यात त्याला हे घर मिळालं. त्या वेळी घरात घरवाले होते. एक जर्मन बाई, तिची सासू आणि लहान मुलगी. वर्षभर दोन्ही बिऱ्हाडं एकाच छपराखाली राहिली. बापाला शेगडी पेटवायला त्या जर्मन बाईनं शिकवलं, धूर कुठल्या झडपेनं काढायचा ते दाखवलं. १९४६ च्या उन्हाळ्यात त्यांना गावातल्या इतर जर्मनांबरोबर गाडीत बसवलं. रेडक्रॉसमार्फत बापाचा पत्ता लागला, आणि पुढच्या वर्षी चोच्या आणि तिची आई वळिवड्याहून इथं आल्या. आलेल्या दिवशी टेबलावर ताटं होती, ती त्यांची नव्हती.

'पोन्येम्येत्स्के' हा शब्द मी त्या संध्याकाळी शिकलो. अर्थ 'जर्मनांमागचं'. घर पोन्येम्येत्स्के, पलंग पोन्येम्येत्स्के, परसातलं नासपतीचं झाड पोन्येम्येत्स्के. फडताळातल्या एका बरणीवर जर्मन भाषेत 'पीठ' लिहिलं होतं. तिच्या आईला ते वाचता आलं नाही, तिनं त्यात मीठ भरलं. २०१० सालीही त्या बरणीत मीठच होतं.

"आणि आईनं पंधरा वर्षं बोचकी सोडली नाहीत," ती म्हणाली. "छपराचं कौल फुटलं तर बाबा बदलेनात. कोणाच्या घराचं बदलायचं? सगळं गाव असंच, बोचक्यावर बसून. आज ना उद्या जर्मन परत येणार."

नावांचीही तीच तऱ्हा. सुरुवातीला एकाच गावाला टपालखातं एक म्हणायचं, रेल्वे दुसरं आणि माणसं तिसरं. १९४६ साली सरकारनं नावं ठरवायला आयोग नेमला. त्यानं काही वर्षांत तीस हजारांहून अधिक नावं पक्की केली. काही नुसती उलथली: हिर्शबेर्ग म्हणजे हरणांचा डोंगर, येलेन्या गूरा म्हणजेही हरणांचा डोंगर. काहींना जुनं स्लाव्ह रूप परत दिलं. रायखेनबाखला लोक आधी रिखबाख म्हणत होते. आयोगानं त्याचं जेर्झोन्युफ केलं, मधमाश्यांचा अभ्यास केलेल्या यान जेर्झोन या पाद्र्याच्या नावावरून. "मुलांना मी हेच गाव आधी शिकवायचे," चोच्या म्हणाली. "राजांच्या नावाची गावं पुष्कळ असतात. मधमाश्यांच्या माणसाचं गाव एकच."

हा नकाशा घरात आला तो १९७३ च्या उन्हाळ्यात. १९७० च्या डिसेंबरात पश्चिम जर्मनीनं पोलंडशी करार करून ती तुटक रेघ मान्य केली (पूर्व जर्मनीनं १९५० सालीच केली होती, शेवटची सही १९९० ची), आणि मग पश्चिमेकडच्या मोटारी यायला लागल्या. जुन्या गावी येऊन, घरापुढं गाडी थांबवून, नुसतं बघत उभी राहणारी माणसं. एक दिवस या फाटकापाशीही एक गाडी थांबली. तिशी ओलांडलेली बाई उतरली. १९४६ साली गाडीत बसवलेली ती लहान मुलगी.

"आई आतून कडी घालत होती," चोच्या म्हणाली. "मला म्हणाली, बघू नको, बोलावू नको, एकदा आत आली की जायची नाही. ह्याच आईनं १९६५ साली बिशपांचं पत्र ऐकून रडारड केली होती." ते पत्र इतिहासात आहे. पोलिश बिशपांनी जर्मन बिशपांना लिहिलं, आम्ही क्षमा करतो आणि क्षमा मागतोही. मसुदा व्रॉत्सवाफचे बिशप कोमिनेक यांचा. सरकार भडकलं, आणि सामान्य माणसांतही पुष्कळांना पटलं नाही. "आई म्हणायची, देऊ क्षमा, पण मागायची कशाची? माझा मुलगा जंगलात पुरलाय, माझं घर रशियनांकडं आहे. मी कोणाचं काय घेतलं?"

चोच्यानं मात्र कडी काढली. जर्मन बाई स्वयंपाकघरात याच टेबलाशी बसली. चहा प्याली. काही मागितलं नाही. नासपतीच्या झाडापाशी जाऊन खोडाला हात लावून आली. जाताना गाडीतून हा नकाशा काढला आणि टेबलावर ठेवला. विसरली की मुद्दाम ठेवला, ते कळलं नाही. वाट सांगायला आता तिला त्याची गरज नव्हती.

"त्या रात्री मी पेन्सिल घेऊन बसले," चोच्या म्हणाली.

"पेन्सिलच का? शाई का नाही?"

"खाली बघ, 'सध्या' लिहिलंय."

नकाशाच्या कडांना रस्ते जिथं कागदाबाहेर जातात तिथं पुढच्या शहराचं नाव आणि अंतर छापायची पद्धत असते. तिनं तिथंही भर घातली होती. उजव्या कडेला एक बाण आणि तिचं जन्मगाव. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात, जिथं कुठलाच रस्ता बाहेर जात नव्हता, आणखी एक बाण: वालिवादे. एवढं एक नाव शाईनं लिहिलेलं.

ते बघितलं आणि माझ्यानं राहवेना. मोडक्या पोलिशमध्ये मी आबांचं सगळं सांगितलं. चार शेराला शेरभर पंचगंगा. जास्तीची धार कशासाठी. पोलंडची खोली कशी बांधली, तिला आम्ही काय म्हणतो, त्यावर घरी कसे हसतो. 'पाणी घातलेलं' याला पोलिश शब्द सापडेना, तेव्हा मी पेल्यातल्या दुधात पाणी ओतून दाखवलं.

ती पेल्याकडं बघत राहिली. मग खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय.

"अरे, आम्हाला काय कळत नव्हतं?" ती हसत म्हणाली. "आई रोज तापवायची, साय धरायची नाही. सगळी बराक म्हणायची, आज दूध कमी, नदी जास्त. पण सैबेरियात आम्ही पाण्यात पाणी घालून प्यायलो होतो. पाण्यात दूध म्हणजे प्रगतीच की!"

हसणं थांबल्यावर ती जराशी गंभीर झाली. "म्हणजे तुझ्या घराची पुढची खोली माझ्या आईची."

"हो."

"मग तू भाडं द्यायला लागतोस. १९४३ पासूनचं." तिनं नकाशाची घडी घालायला घेतली. "पैसे नकोत. परत गेलास की आमच्या बराकीत आता कोण राहतं ते बघून ये आणि मला लिही. जर्मन बाई आली, बघून गेली. मला जमायचं नाही. तू बघ."

पाय जुळला, हप्ता सुटला, मी शहरात परतलो. पुढच्या वर्षी प्रबंध देऊन घरी आलो, आणि जूनच्या पहिल्या पावसात भाडं फेडायला निघालो.

कॅम्पाची जागा म्हणजे आताचं गांधीनगर. कापडाच्या घाऊक बाजारासाठी सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला ठाऊक. लहानपणापासून शाळेचे कपडे तिथूनच आणलेले. पोलिश गेले, त्याच सुमाराला फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सिंधी कुटुंबांना त्या बराकींत जागा मिळाली, हे मी असंच कुठंतरी ऐकून होतो. कधी त्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. चोच्यानं आठवून काढून दिलेला कागद हातात होता: स्टेशनकडून येताना, चर्चच्या मागं, तिसरी रांग. चर्च नव्हतं, रांगा दुकानांत मुरून गेल्या होत्या. विचारत विचारत एका कापडवाल्या म्हाताऱ्या शेठजींच्या गोदामापाशी पोचलो. मागची भिंत जुनी, दगडी, वर पत्रा.

"ही त्यांचीच," शेठजी चक्क कोल्हापुरीत म्हणाले. "मी हितंच जन्मलो. आमची आई सांगायची, आम्ही आलो तवा भिंतीला खिळे हुते, वळीनं, ल्हान पोरांच्या उंचीवर. कशाला आसतील म्हणून लई इचार केला. दप्तरं टांगायला आसतील." खिळे अजून दोन होते. त्यांना बिलांचे गठ्ठे अडकवले होते. मी फोटो काढला. निघताना त्यांनी विचारलं, "ती बाई काय म्हनती? परत पायजे का तिला?" आवाजात चेष्टा होती, पण सगळी चेष्टा नव्हती. म्हटलं, नको, नुसतं बघायला सांगितलंय. "मग बरं," ते म्हणाले. "आमच्या शिकारपूरच्या घरात कोन ऱ्हातंय, ते आमी कवा बघितलं न्हाई."

हे सगळं मी चोच्याला लिहिलं, शेठजींच्या शेवटच्या दोन्ही वाक्यांसकट. फोटो घातला. महिन्याभरानं कार्ड आलं. त्यावर एवढंच होतं: खिळे दप्तरांसाठी नव्हते, ओल्या मोज्यांसाठी होते, पावसाळ्यात काही वाळायचंच नाही, आणि त्यांना सांग, मला परत नको.

मी गेलो आणि शेठजींना सांगितलं. ते बराच वेळ 'मोजे' एवढंच म्हणत राहिले.

चोच्या २०१४ च्या हिवाळ्यात गेली. तीन महिन्यांनी तिच्या भाच्यानं एक जाड पाकीट पाठवलं. आत नकाशा. चिठ्ठीत लिहिलं होतं, तुझं नाव लावून ठेवला होता. मी तो पोलंडच्या खोलीत दिवाणावर उलगडला. ब्रेस्लाउ, व्रॉत्सवाफ, हिर्शबेर्ग, येलेन्या गूरा, सगळं जसंच्या तसं. मग खालचा उजवा कोपरा बघितला. शाईतलं 'वालिवादे' होतं. त्याच्याखाली, माझं पत्र पोचल्यानंतर कधीतरी, त्याच नेटक्या अक्षरात तिनं दुसरं नाव घातलं होतं: गांधीनगर.

पेन्सिलीनं.